चाकांवरील घर आणि विजेचा पहारेकरी

अमेरिकेंत कित्येक कुटुंबें निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या मोटारगाडींतूनच प्रवास करितात. मुक्कामीं तळावरील खांबास जाड केबल जोडून तीं वीज घेतात. ५० अँपिअरच्या जोडणींत चार तारा असतात: दोन जिवंत, एक न्यूट्रल, एक अर्थ. जिवंत तार व न्यूट्रल यांमध्यें १२० व्होल्ट दाब असतो. दोन जिवंत तारांमध्यें २४०.

आतां विद्यार्थ्यांनो, खांबावरील न्यूट्रल तुटली तर काय होईल? दोन्ही बाजूंचीं उपकरणें एकापुढें एक जोडल्यासारखीं होऊन ते २४० व्होल्ट आपसांत वांटून घेतात, आणि तेंही विषम! जिकडे भार हलका, तिकडे दाब अधिक; तिकडचीं यंत्रें जळतात. तीन फेजांच्या इमारतींत आपल्याकडेही असेंच घडतें. झिंक ऑक्साइडच्या चकत्या क्षणिक उसळी तेवढी गिळतात; टिकून राहिलेल्या दाबापुढें त्या स्वतःच जळून जातात. म्हणून दाब मोजून वीज तोडणाराच पहारेकरी हवा.

केबल गाडींत शिरल्यावर, मुख्य फ्यूजपेटीच्या आधीं, जाणत्या कारागिरानें तो बसवावा. तत्पूर्वीं केबल खांबावरून काढावी, जनरेटर व इन्व्हर्टर बंद करावे. येथें विसर पडणें म्हणजे जिवाशीं खेळ. स्क्रू घट्ट आंवळावे. पहारेकऱ्याच्या पुढचा न्यूट्रलचा स्क्रू सैल राहिला, तर तो दोष त्यास दिसेलच असें नाहीं.