समुद्रशेवाळापासून मोटारीचें इंधन : एक हिशेब

मोटारीच्या पेट्रोलांत मद्यार्क मिसळण्याची पद्धत आतां आपल्या देशांत रूढ झाली आहे, आणि त्यांतील पुष्कळसा मद्यार्क उसाच्या रसापासून व मळीपासून निघतो. उसास पाणी किती लागतें, हें बागाईतदारास सांगावयास नको. म्हणून ज्यास शेतजमीन नको, गोडें पाणी नको, अशा समुद्रशेवाळापासून मद्यार्क काढावा, ही कल्पना मोठी मोहक वाटते. ती कितपत किफायतशीर आहे, याचा विचार येथें करूं.

ह्या पिकाची लागवड तामिळनाडूंत रामनाथपुरम जिल्ह्याच्या किनाऱ्यावर होते. बांबूचे ३ मीटर लांबरुंद तराफे करून, त्यांच्या दोऱ्यांस कप्पाफायकस नांवाच्या शेवाळाचे तुकडे बांधतात व ते उथळ समुद्रांत सोडतात. दर तराफ्यास सुमारें ६० किलो बेणें लागतें आणि ४५ दिवसांत त्याच्या चौपट माल हातीं येतो.

आतां हिशेब पाहूं. ताज्या शेवाळांत शेंकडा ९० भाग पाणी धरलें, तर १ टन मालांत कोरडा भाग १०० किलोच. त्यांत आंबण्याजोगा भाग निम्मा धरला, आणि तो सगळा आंबला, तरी मद्यार्क फार तर ३५ लिटरांच्या आसपास मिळेल. एक टन उसाच्या रसापासून सुमारें ७० लिटर मिळतो. शिवाय उसाचा रस तसाच आंबतो. शेवाळांतील साखर मात्र आधीं सौम्य आम्लांत उकळून मोकळी करावी लागते. त्यास जळण लागतें, तें निराळेंच.

दुसरी गोष्ट भावाची. भावनगर येथील केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनें ताजें शेवाळ चिरडून रस व चोथा वेगळे करण्याची रीत बसविली आहे. रस पिकांवर फवारण्याच्या कामीं येतो. चोथ्यांतून कॅराजिनन निघतें. खाद्यपदार्थ दाट करण्यासाठीं तें वापरतात, आणि त्यास इंधनाहून कितीतरी अधिक किंमत येते. असा माल मोटारींत जाळणें म्हणजे चंदनाचें सरपण करणें होय.

तेव्हां खरा क्रम असा : आधीं रस, मग कॅराजिनन, आणि शेवटीं जो निःसत्त्व चोथा राहील त्याचें इंधन. हा चोथा ओलाच असतो; म्हणून तो हवाबंद टाकींत कुजवून गॅस करणें विशेष सोयीचें, कारण त्यास वाळवावें लागत नाहीं.

किनाऱ्यावरील ज्या शेतकऱ्यास हें पीक करावयाचें असेल, त्यानें रसाचें व कॅराजिननचें गिऱ्हाईक आधीं पाहावें. पावसाळ्यांत समुद्र खवळतो व पाण्याचा खारेपणा घटतो. त्यामुळें येणारी खोटहि हिशेबांत धरावी. केवळ इंधनाच्या भरंवशावर कर्ज मात्र काढूं नये.