वेटोळ्यातला चुंबक

विहिरीवरच्या मोटरचे हिरवे बटण आपण दाबतो. स्टार्टरमध्ये 'खट्' असा आवाज होतो आणि मोटर चालू होते. हा आवाज कशाचा बरे? स्टार्टरच्या पेटीत तांब्याच्या तारेचे एक वेटोळे असते. वीज आली की ते चुंबक बनते आणि लोखंडाचा तुकडा ओढून घेते. त्याचा हा आवाज.

तार कधी चुंबक होईल का? होते. इ. स. १८२० साली डेन्मार्क देशातले शास्त्रज्ञ ओर्स्टेड यांना दिसले की, तारेतून वीज वाहू लागली की जवळच्या होकायंत्राची सुई वळते. वीज थांबली की सुई पुन्हा जागेवर येते.

एका तारेचा जोर तो किती! पण तीच तार गुंडाळली, तर सर्व वेढ्यांचा जोर एकवटतो. थेंबे थेंबे तळे साचे, तसेच हे. मध्ये लोखंड ठेवले तर जोर आणखी पुष्कळ वाढतो. १८२५ साली इंग्लंडात विल्यम स्टर्जन यांनी असा चुंबक बनवला. तो सुमारे २०० ग्रॅम वजनाचा होता, पण त्याने ४ किलो वजन उचलले!

आपणही करून पाहू. एका लोखंडी खिळ्यावर वार्निश चढवलेल्या तांब्याच्या तारेचे ५० वेढे घ्या. दोन्ही टोके खरवडा आणि टॉर्चच्या एका सेलला लावा. खिळ्याला टाचण्या चिकटतील. टोक सोडा, टाचण्या गळून पडतील. तार तापते, म्हणून जास्त वेळ धरू नका. घरातल्या विजेवर हा प्रयोग कधीही करू नका. जीव जाईल.

आता स्टार्टरकडे वळू. वीज गेली की वेटोळ्यातला चुंबक लोखंड सोडतो आणि मोटर तुटते. वीज परत आली तरी बटण दाबल्याशिवाय ती चालू होत नाही. कोणाचा हात पट्ट्यात असला तरी तो वाचतो. मोटरवर फार ताण आला तरी चुंबक असाच सुटतो.

पण कोणी स्टार्टरमध्ये काडी खुपसून ठेवली, तर? मग चुंबक सुटूनही उपयोग नाही. वीज येताच मोटर आपोआप फिरेल. नाही तर आतली तार जळेल.

म्हणून काडी खुपसू नये. आणि पंपाला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. ऑटो बसवला असेल तर हे विसरूच नये.