समुद्रशेवाळातील साखर

नागपूरजवळच्या बेसा गावापासून समुद्र फार दूर. तथापि २०१४ साली नागपुरात इथेनॉलवर चालणारी बस धावली. इथेनॉल साखर आंबवून मिळते. ती साखर उसातून घ्यावी, तर सुपीक जमीन व गोडे पाणी खर्ची पडते. समुद्रशेवाळास यांपैकी काहीच लागत नाही; कोकणच्या खडकांवर ते आपोआप वाढते. जिभेला ते खारट लागते, ही गोष्ट निराळी! सौम्य आम्लात तापविल्यास त्यातील शर्करा मोकळ्या होतात. परंतु तपकिरी शेवाळातील अल्जिनेट यीस्टला पचत नाही. २०१२ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी एका जीवाणूच्या अंगी ते पचविण्याची शक्ती आणली. अडचण उरली ती पाण्याची. ओल्या शेवाळात तीनचतुर्थांशाहून अधिक पाणीच असते, आणि ते यंत्राने वाळवावे, तर इंधनासाठी आधी इंधनच जाळावे लागते.