मुलींच्या वृंदात खर्ज कोणाचा?

प्रश्न : विवाल्डीचे ‘ग्लोरिया’ व्हेनिसच्या अनाथाश्रमातल्या मुलींसाठी रचले होते, असे वाचले. पण ऐकताना त्यात पुरुषांचे भारदस्त आवाज स्पष्ट येतात. मग ते कोण गात असे?

उत्तर : बायकाच! आपण ऐकतो ते आजचे मिश्र वृंद. विवाल्डीच्या मृत्यूनंतर ही रचना विस्मरणात गेली होती. हस्तलिखिते १९२०च्या दशकात हाती लागली आणि १९३९ मध्ये सिएना शहरात ती पुन्हा गायली गेली.

हा अनाथाश्रम म्हणजे ‘पिएता’, टाकून दिलेल्या मुलांना सांभाळणारी संस्था. मुलगे कामधंद्याला लागून बाहेर पडत. मुली राहत, आणि त्यांतल्या गुणी मुलींना संगीताची कसून तालीम मिळे. १७०३ मध्ये, पाद्री झाला त्याच वर्षी, विवाल्डी तिथे व्हायोलिन शिकवू लागला. लॅटिन ईश्वरस्तुतीची ही रचना साधारण १७१५ची. कित्येक जणी उतारवयापर्यंत तिथेच गात, त्यामुळे ‘मुली’ म्हणजे शाळकरी पोरी समजू नका. त्यांना आडनाव नसे. ओळख वाद्यावरून किंवा आवाजावरून. व्हायोलिनवाली आन्ना मारिया तर फार गाजली. संस्थेच्या दप्तरात बास, म्हणजे खर्जातला आवाज, गाणारी एक आन्नाही सापडते. गायिका गंगूबाई हनगल यांचा भारदस्त आवाज ऐकलेल्यांना यात अशक्य काही वाटू नये.

तरी सगळा बास मूळ पट्टीत गायला जात असेल, असे मला वाटत नाही. अभ्यासकांत मतभेद आहेत, पण बहुतेक जणी ती ओळ एक सप्तक वर गात असाव्यात, हेच मला जास्त पटते. मग स्वरांची बांधणी ढासळत नाही का? नाही, कारण बहुतेक ठिकाणी चेलो आणि ऑर्गन तीच ओळ खाली धरून असतात. शिवाय सगळे एकल भाग सोप्रानो आणि आल्टो या स्त्रियांच्या आवाजांनाच दिलेत. टेनर-बास या एरवी पुरुषांच्या आवाजांना एकही नाही. समोर कोणते गळे आहेत हे ओळखूनच विवाल्डीने लिहिले आहे. श्रोत्यांना मात्र ते चेहरे दिसत नसत, गाणे जाळीआडून चाले.

एर्व्हे निके यांच्या ‘ल काँसेर स्पिरित्युएल’ या फ्रेंच वृंदाने ही रचना केवळ स्त्रियांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली आहे. आधी नेहमीचे, मग हे, असे लागोपाठ ऐका. दुसरा भाग संथ आहे, तिथे फरक सर्वांत चटकन कळेल.