वेल्डिंगची इजा उशिरा कळते

वेल्डिंग करताना भाजले किंवा शॉक बसला तर ते जागच्या जागी कळते. बाकीच्या बहुतेक इजा उशिरा कळतात. डोळे रात्री सुजतात, धुराचा ताप संध्याकाळी चढतो, आणि ठिणगीची आग दुकान बंद झाल्यावर पेटते. काम चालू असताना ‘काही झाले नाही’ असे वाटते, म्हणून त्या वाटण्यावर विसंबता येत नाही. आमचा रामटेक तालुका धानाचा आहे. पावसाळा तोंडावर आला की चिखलणीची केजव्हील, ट्रॉलीचे फाळके, रोटाव्हेटर असे सगळेच एकदम दुरुस्तीला येते. चुका सर्वांत जास्त याच दिवसांत होतात.

प्रस्तुत लेखकाला धडा मिळाला तो डोळ्यांचा. उमेदवारीच्या दिवसांत एका केजव्हीलला नुसते टॅक मारायचे होते. दोन सेकंदांच्या टॅकसाठी शील्ड कशाला, या समजुतीने डोळे मिटून पंधरावीस टॅक मारले. जेवण होईपर्यंत काहीच त्रास नव्हता. मध्यरात्री डोळ्यांत वाळू ओतल्यासारखे झाले, पाणी थांबेना, बल्बकडे पाहवेना. घरात बटाट्याच्या चकत्या ठेवल्या गेल्या.

कारण साधे आहे. आर्कमधली अतिनील किरणे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा वरचा थर भाजतात आणि त्याची वेदना साधारण ६ ते १२ तासांनी सुरू होते. पापणी मिटली जाते ती आर्क पेटल्यानंतर, तोवर किरणे आत पोचलेली असतात. पुरेसा आराम मिळाला की बहुधा एकदोन दिवसांत डोळे बरे होतात. बटाट्याने गारवा मिळतो, पण न धुतलेल्या चकतीबरोबर घाणही डोळ्यात जाते. त्यापेक्षा स्वच्छ ओल्या कापडाची घडी बरी. डोळा बधिर करणारे थेंब औषधाच्या दुकानातून आणून घालणे घातक आहे. दुखणे थांबते, पण जखम भरायला उशीर होतो आणि माणूस तशाच डोळ्यांनी कामावर जातो. एकाच डोळ्यात खुपत असेल तर ग्राइंडरचा कण रुतलेला असू शकतो. तो डॉक्टरनेच काढावा.

साध्या रॉडने ६० ते १६० अँपिअरवर काम करताना १० किंवा ११ नंबरची काळी काच लागते. जॉब धरणाऱ्या हेल्परलाही तसलीच हवी. हेल्पर नेहमी विसरला जातो, आणि टॅक मारताना सर्वांत जवळ तोच असतो. चुन्याच्या भिंतीवरून आणि नव्या पत्र्यावरूनही ही किरणे परावर्तित होतात, म्हणून रस्त्याच्या बाजूला जाड पडदा लावावा.

धुराचे दुखणे ओळखायला याहून अवघड. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. तो जळून पांढरा धूर निघतो, आणि काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते. हा ताप मलेरियासारखाच वाटतो, म्हणून दिवसभर जीआय जोडल्याचे डॉक्टरला आपणहून सांगावे. जोडाच्या दोन्ही बाजूंचे जस्त आधी घासून काढावे, वारा बाजूने येईल असे बसावे, डोके धुराच्या झोतात घालू नये. गूळ खाल्ल्याने घसा बरा वाटतो, पण फुफ्फुसात गेलेला धूर त्याने निघत नाही. तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्यातूनही हा बारीक धूर सहज आत जातो. निदान एन-९५ मास्क वापरावा.

रामटेकजवळच्या मनसरला मँगनीजची खाण आहे, त्यामुळे हा धातू या भागाला परका नाही. रॉडच्या लेपातही मँगनीज असते. मँगनीजची भुकटी करणाऱ्या कामगारांच्या चालण्याबोलण्यात होणारा बिघाड कूपर या डॉक्टरने १८३७ मध्येच नोंदवला होता. वेल्डिंगच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये काढला. झिजलेल्या पात्यांवर कडक थर चढवायच्या काही रॉडमध्ये मँगनीज कितीतरी जास्त असते. ते काम शेडबाहेर, मोकळ्या हवेत करावे.

काही कामे मात्र घेऊच नयेत. डिझेलची टाकी, मोटरसायकलची टाकी, डांबराचा किंवा तेलाचा ड्रम यांना नाही म्हणावे. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा मिसळलेली असते. ज्वालाग्राही पदार्थ व त्याची वाफ पुरती काढल्याशिवाय अशा टाकीवर वेल्डिंग करण्यास १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३७ ने मनाई केली होती. नुसत्या पाण्याने विसळून वाफ जात नाही. गिऱ्हाईक कितीही ओळखीचे असले तरी नवी टाकी घ्यायला सांगावे.

नवतपात, म्हणजे पावसाळ्याआधीच्या कडक उन्हाच्या दिवसांत, अंग घामाने भिजलेले असते. रॉड आणि क्लॅम्प यांच्यात आर्क नसताना ५० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते जाणवत नाहीत, ओल्या हाताला जीवघेणे ठरू शकतात. रॉड कोरडा हातमोजा घालूनच बदलावा, तापलेला होल्डर पाण्यात बुडवू नये, ट्रॉलीच्या पत्र्यावर बसताना खाली कोरडी फळी घ्यावी. मशीनच्या बॉडीत करंट उतरला तर आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) वाचवते, होल्डरच्या बाजूचा शॉक ती ओळखत नाही. ट्रॅक्टरवर काम असेल तर बॅटरी सोडवावी आणि क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावावा, म्हणजे करंट बेअरिंगमधून जात नाही.

ठिणग्या दहा मीटरपर्यंत उडतात. ट्रॉली आली की फाळक्यांच्या फटीत तणस अडकलेले असते, कोपऱ्यात बारदाना पडलेला असतो. ते आधी काढावे. बारदान्यात ठिणगी तासभर नुसती धुमसू शकते. शेवटचा रॉड संपल्यावर निदान अर्धा तास, लाकूड किंवा तणस जवळ असेल तर पूर्ण तास, एका माणसाने तिथेच थांबावे, फटींत बादलीभर पाणी ओतावे, फळ्यांच्या खालून हात फिरवून पाहावे आणि मगच शटर ओढावे.