चिंचोक्यांपासून हातच्यापर्यंत

पहिल्या इयत्तेतील बालकास ‘तीन आणि दोन किती?’ असे विचारिले असता ते तत्काळ ‘पाच’ म्हणते, आणि शिक्षकाचे समाधान होते. परंतु त्याच बालकापुढे तीन चिंचोके मांडून त्यांत आणखी दोन टाकावे व ‘आता किती झाले?’ असे विचारावे. पुष्कळदा ते पुन्हा एकपासून मोजू लागते. हे मोजणे दोषास्पद नव्हे. बेरीज म्हणजे दोन समूहांचा एक समूह करणे, हे ते हातांनी शिकत असते. मात्र वर्षभर त्यास याच पायरीवर ठेवणे इष्ट नाही.

पुढील पायरीसाठी एक साधी युक्ती आम्हांस फार उपयुक्त वाटते. आठ चिंचोके मोजून वाटीखाली झाकावे व पाच बाहेर ठेवावे. झाकलेले मोजता येत नाहीत. तेव्हा ‘आठ’ एवढे मनात धरून बालकास ‘नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा’ असे पुढे जावे लागते. आरंभी ते वाटी उचलून पाहील. खुशाल पाहू द्यावे. ‘आठ’ या एका शब्दात आठही चिंचोके सामावले आहेत, हा विश्वास त्यास स्वतःच बसावयास हवा.

यानंतर पाटीवर पाच-पाच घरांच्या दोन ओळी आखाव्या. आठ घरे भरली की दोन रिकामी दिसतात. पाचांतील दोन तेथे गेले, दहा पूर्ण झाले, बाहेर तीन उरले. येथे डोळाच गणित करितो.

साधने विकतचीच असावी असे मुळीच नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, ते भोवतालच्या साध्या वस्तूंच्या आधारानेच. फार रंगीबेरंगी चित्र तर कित्येकदा विघ्नच करिते. फांदीवर तीन पोपट बसलेले व दोन उडत येणारे दाखविले, तर मूल पोपटांचे रंगच सांगू लागते!

खरी अडचण दोन अंकी बेरजेत येते, आणि तिचे मूळ काही अंशी आपल्या भाषेत आहे. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतात, वीस मागून. म्हणून कित्येक मुले २७ ऐवजी ७२ लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ या धर्तीचे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद माजला. वाद काहीही असो, अशा मुलास मंद ठरविणे अन्यायाचे आहे. त्याच्या हाती दहा-दहा काड्यांच्या दोन जुड्या व सात सुट्या काड्या द्याव्या. त्यांत १५ मिळवावयाचे, म्हणजे एक जुडी व पाच सुट्या. सात व पाच मिळून बारा सुट्या होतात. त्यांतील दहांची जुडी बांधली की दोन उरतात. जुड्या झाल्या चार. उत्तर ४२. ज्यास आपण ‘हातचा एक’ म्हणतो, ती ही नवी जुडी होय. ती स्वहस्ते बांधलेल्या मुलास हातचा कोठे लिहावा, हे फारसे सांगावे लागत नाही.

काही घरी बोटांवर मोजणाऱ्या मुलास हिणविले जाते. त्यामुळे मोजणे थांबत नाही. मूल हात बाकाखाली लपविते, आणि ते कोठे अडते हे शिक्षकास दिसेनासे होते. बोटे उघड्यावर असू द्यावी. काड्या केव्हा बंद कराव्या, असेही पालक विचारितात. ३८ व २५ ही बेरीज सांगताच, काड्यांस हात न लाविता ‘एक जुडी होईल’ असे जे मूल म्हणते, त्यास पाटी द्यावी. काड्यांची पेटी मात्र काही दिवस जवळच असावी.