थरथरणाऱ्या ब्रेकची कैफियत

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीस खुला झाला आणि जालना-बदनापूर परिसरातील मोटारमालकांना, अंबड-भोकरदनच्या रस्त्यांवर आजवर कधीच न जाणवलेले आपल्या वाहनांचे काही दोष प्रथमच जाणवू लागले. कारण ताशी १२० किलोमीटर ही अनुज्ञेय मर्यादा गाठून, बराच काळ ब्रेकला पाय न लावता आलेली मोटार जालन्याच्या फाट्यावर वेग उतरवू लागते, तेव्हा डिस्कमधील केसाहूनही सूक्ष्म विषमता स्टेअरिंगवाटे चालकाच्या मनगटापर्यंत पोहोचते.

माझ्या मोटारीचे तसेच झाले. शंभराच्या आसपास ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरे, पेडल पायाखाली धडधडे, आणि वेग साठाखाली आला की जणू काही घडलेच नाही. ज्या गॅरेजात मी फिर्याद नेली, तेथे चाक न काढताच ‘डिस्क बेंड झाल्या’ असा निवाडा मिळाला. नव्या डिस्क, नवे पॅड बसले, बिल चुकते झाले, थरथर थांबली आणि उभयपक्षी समाधान झाले. चार-पाच हजार किलोमीटरनंतर ती पूर्ववत अवतरली, तेव्हा त्याच गॅरेजने पुन्हा नव्या डिस्कचाच हुकूम सोडला, आणि तो मात्र मी मानला नाही.

जालन्यात सळईच्या रोलिंग मिल आहेत, आणि त्या मिलचे रोल खरादावर कातणारे कारागीरही आहेत, ज्यांच्या हातात डायल गेज रोजचेच असते. अशाच एका मिस्त्रींनी डिस्क सर्व नटांनी हबवर घट्ट आवळली, चुंबकाच्या बैठकीवर गेज उभे केले, त्याचे टोक डिस्कच्या कडेपासून सुमारे १० मिलिमीटर आत टेकवले आणि डिस्क हाताने सावकाश फिरवली. काटा एका फेऱ्यात ०.१४ मिलिमीटर हलला. बहुतेक मोटारींना याच्या निम्मेही खपत नाही. डिस्क उतरवल्यावर हबच्या तोंडावर गंजाचे कडे निघाले, आणि त्या गंजावरच नवी डिस्क चढवलेली होती! तारेच्या ब्रशाने व पॉलिश पेपरने ते तोंड चकचकीत केले, तोच काटा ०.०४ वर आला.

या विकाराचे मर्म असे, की हबवरचा कणभर गंज डिस्कच्या कडेपर्यंत जाताना दुपटीने वाढतो. मग ब्रेक न दाबताही डिस्कची तीच बाजू प्रत्येक फेऱ्यात पॅडला घासत राहते, हजारो किलोमीटरांत तेथे झीज होऊन जाडी असमान होते, आणि शंभराच्या वेगात सेकंदाला सुमारे पंधरा वेळा जाड भाग पॅडांमधून जाताना ब्रेकच्या तेलाला मागे रेटतो. सबब बसविल्या दिवशी नवी डिस्क निर्दोष वाटते, आणि मूळ दोष हमीची मुदत सरेपर्यंत दडून राहतो. बिडाची डिस्क सहजासहजी वाकत नाही, हे निदान भट्ट्यांच्या या गावात तरी पटायला हरकत नसावी.

म्हणून पैसे मोजण्यापूर्वी लक्षण पारखावे. ब्रेक न दाबताही थरथर असेल तर चाकांचे बॅलन्सिंग पाहावे. ब्रेकसरशी स्टेअरिंग हलले तर संशय पुढच्या डिस्कवर, सीट हलली तर मागच्या ड्रमवर. आणि केवळ जोराच्या ब्रेकला पेडल ठोके देत असेल तर ते एबीएसचे नित्यकर्म समजावे, त्यास दोष मानू नये. कॅलिपरच्या स्लाइड पिना हाताने सरकतात की गंजून अडकल्या आहेत, तेही त्याच वेळी तपासून घ्यावे. मायक्रोमीटरने डिस्कची जाडी आठ ठिकाणी मोजून फरक आढळल्यास खरादावर हलका हात फिरवता येतो, मात्र डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीखाली जाऊ नये. माझ्या डिस्क अशाच वाचल्या.

हवेच्या गनने नट ठोकून आवळणारा पोऱ्या माझ्या मते गंजाइतकाच घातक. नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, मोटारीच्या पुस्तिकेतील मापानेच आवळून घ्यावेत, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा पाहावेत. नवे पॅड पहिले काही दिवस मध्यम वेगातून सौम्य ब्रेक देऊन बसू द्यावेत. समृद्धीवरून उतरल्यावर टोलच्या रांगेत तापल्या ब्रेकवर पेडल गच्च दाबून उभे राहिल्यास पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो व तेथूनही थरथर सुरू होते. सपाट जागी मागच्या ड्रमचा हँडब्रेक लावावा, आणि गॅरेजवाल्याकडून बिलाच्या पाठीमागे डायल गेजचे दोन्ही चाकांचे आकडे लिहून घ्यावेत. आकडे लिहून द्यायला जो कांकू करतो, त्याने ते मोजलेलेच नसतात.